पोटातल्या थोरलीचा परवाना

मी पेटी बोलतेय. वाजवायची पेटी नव्हे. सूर माझ्यात एकच, तोही पंख्याचा, घरघरीचा. टेबलाखाली पायांशी उभी असते ना ती काळी पत्र्याची पेटी, जिच्या अंगावर लोक चपला घासतात आणि जिला लाथ बसली तरी 'लागलं का गं' असं कोणी विचारत नाही, ती मी. कॉम्प्युटर म्हटलं की सगळे मान वर करून पडद्याकडे बघतात. अहो, पडदा म्हणजे नुसतं तोंड. डोकं, छाती, पोट सगळं माझ्याकडे आहे.

आज मी बोलणार आहे, कारण मला राग आलाय. थंड डोक्याने सांगायला हवं हे कळतं मला. पण माझा पंखा अर्धा गेलाय, तेव्हा डोकं थंड राहील याची हमी मागू नका.

माझी पहिली चार वर्षं एका कचेरीत गेली. तिथे एक कारकून माझ्यावर दिवसभर पत्त्यांचा डाव मांडायचा आणि साहेबांची पावलं वाजली की झटकन एक तक्ता उघडायचा. माणसांचा पहिला धडा मी तिथेच शिकले. काम करणं वेगळं आणि कामात दिसणं वेगळं. चार वर्षांनी नव्या पेट्या आल्या आणि मला जिन्याखाली ढकललं. तिथून मला उचललं फुंकरने.

फुंकर म्हणजे आमचा दुरुस्तीवाला. त्याचं खरं नाव त्याच्या आईला माहीत असेल. कुठलीही पेटी आली की झाकण काढायचं, गाल फुगवायचे आणि धुळीवर एक जोरदार फुंकर मारायची, हा त्याचा पहिला उपचार. निम्म्या पेट्या तेवढ्यावरच बऱ्या होतात, हे मी माझ्या डोळ्यांनी, म्हणजे माझ्याच वायरींनी पाहिलंय. त्याने मला पुसलं, दोन भाग बदलले आणि मापबाईंच्या घरी आणून ठेवलं.

मापबाई बूट करतात. दुकानात रांगेने मांडलेले असतात तसले नव्हे. ज्यांचा एक पाय आखूड, ज्यांचं पाऊल आत वळलेलं, ज्यांना दोन बोटंच आहेत, त्यांचे. कोणी शिकवलं नाही त्यांना. धाकट्या भावाला एकही बूट बसेना म्हणून त्यांनी वडिलांचा धड बूट उसवला, टाका न् टाका सुटा केला आणि परत शिवला. परत शिवलेला बूट वडिलांच्या पायात काही गेला नाही, पण भावाचा झाला. "मी उसवून शिकले," असं त्या छाती पुढे काढून सांगतात. बाहेरच्या खोलीत कलबुतं, म्हणजे लाकडाची पावलं, भिंतीवर उलटी टांगलेली असतात. आतल्या खोलीत त्या आणि त्यांची धाकटी बहीण राहतात. दोन खोल्यांच्या मधे दार आहे, पण ते कधी लागत नाही, कारण त्याच्या आड चामड्याच्या गुंडाळ्या आहेत.

मी आले तेव्हा त्या टेबलावर आधीच एक म्हातारी पेटी होती. तिला मी थोरली म्हणते. तिच्याजवळ एक प्रोग्रॅम होता आणि त्याला जोडलेली एक पाटी. माणूस पाटीवर पाय ठेवायचा, बाई वायरवाल्या लेखणीने पावलाच्या कडेने रेघ ओढायच्या आणि ते पाऊल जसंच्या तसं थोरलीच्या आत उमटायचं, तारखेसकट. दर सहा महिन्यांनी पुन्हा. मागची रेघ फिकट, नवी रेघ गडद. पाऊल कुठे वाढलं, कुठे वळलं, डोळ्यांना दिसायचं. चारशे माणसांची पावलं होती तिच्यात. त्या भरात बाईंनी जुने कागदावरचे ठसे रद्दीत घातले. "आता कशाला ते वाळवी पोसायला?" असं म्हणाल्या. अभिमान होता त्यांना थोरलीचा. अभिमानात माणूस रद्दीवाल्याला जरा लवकरच हाक मारतो.

पण थोरली थकली. आणि तो प्रोग्रॅम असा हट्टी, की थोरलीच्या जमान्याची प्रणाली नसेल तर उघडणारच नाही. माझ्यात घातला, तर त्याने तोंड वळवलं.

तेव्हा फुंकर म्हणाला, "बाई, थोरलीला हिच्या आत ठेवता येतं."

"आत म्हणजे?"

"एक प्रोग्रॅम असतो. तो हिच्या पोटात एक खोटी पेटी उभी करतो. थोरलीचं सगळं त्यात ओतायचं. तिला वाटतं, आपण आपल्याच घरात आहोत."

"म्हणजे गर्भारपणच की."

"उलटं गर्भारपण. म्हातारी आत, तरणी बाहेर."

बाई हसल्या आणि थोरली माझ्या पोटात राहायला आली. तो पोटात जागा करून देणारा प्रोग्रॅम तेव्हा फुकट मिळायचा. ना अर्ज, ना विनंती. फुंकरने उतरवून घेतला, बसवला, झालं. पुढची नऊ वर्षं आम्ही दोघी एका पत्र्यात सुखाने राहिलो. पाटी मला जोडलेली, मी ती रेघ आत पोचवायची, थोरली ती जपून ठेवायची. मधे एक शब्द बोलायची गरज पडली नाही. सासूसुनांना जमत नाही ते आम्हाला जमलं.

आठ महिन्यांपूर्वी माझी डिस्क गेली. पाटी माळ्यावर गेली. फुंकरने नवी डिस्क घातली आणि थोरलीची अख्खी फाईल वाचवून तिच्यात ठेवली, अगदी तळहातावर दिवा न्यावा तशी. पण जागा करून देणारा प्रोग्रॅम गेला तो गेलाच. तो पुन्हा आणायला गेलो, आणि इथून माझा राग सुरू होतो.

दरम्यान तो प्रोग्रॅम करणाऱ्या कंपनीला दुसऱ्या एका मोठ्या कंपनीने गिळलं होतं. नवं पान, नवे रंग, हसरे चेहरे. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: वैयक्तिक वापरासाठी आता मोफत! फुंकरने नवा प्रोग्रॅम उतरवला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, तुमचा प्रोसेसर आम्हाला चालत नाही. म्हणजे मी! मी चालत नाही! नऊ वर्षं एका म्हातारीला पोटात घेऊन चालले, ते कोणाच्या पायांनी?

फुंकर फाईल घेऊन आपल्या दुकानात गेला. तिथल्या नव्या पेटीत नवा प्रोग्रॅम टाकला. तिथे तो म्हणाला, ही फाईल फार जुनी आहे; आधी आमच्या जुन्या आवृत्तीत उघडा, मग इकडे या. आणि जुनी आवृत्ती? ती माझ्यासारख्या जुन्या पेटीतच चालते. पण तिला आता परवाना लागतो. वैयक्तिक वापर असेल तर मोफत. अर्ज करा.

"मोफत आहे ना, मग अर्ज कशाला?" बाई म्हणाल्या.

"मोफत आहे हे त्यांना कळायला नको का," फुंकर म्हणाला.

तेव्हा घाई नव्हती. बाई म्हणाल्या, बघू सवडीने. मग एका सकाळी रंगारीणबाई आल्या, लेकीला घेऊन.

रंगारीणबाई घरांच्या भिंती रंगवतात. त्यांच्या लेकीला मापबाई 'शिडी' म्हणतात. सात वर्षांची होती तेव्हा पहिल्यांदा पाटीवर उभी राहिली, डावं पाऊल आत मुडपलेलं. आता एकोणीस वर्षांची आहे आणि आईपेक्षा उंच शिडीवर चढून छत रंगवते. बाईंच्या बुटात तिचा पाय असा बसतो की खालून बघणाऱ्याला कळत नाही कुठला डावा, कुठला उजवा.

पण त्या दिवशी तिचं तोंड उतरलं होतं. जुने डॉक्टर निवृत्त झाले होते. नव्या डॉक्टरीणबाईंनी पाऊल पाहिलं आणि म्हणाल्या, हे अजून वळत असेल तर घोट्याचा सांधा कायमचा जखडून टाकावा लागेल. तारीख दिली होती. बारा दिवस उरले होते.

"जखडला की?" मापबाईंनी विचारलं.

"चालता येईल म्हणे," रंगारीणबाई म्हणाल्या. "शिडी चढता येणार नाही."

मुलगी म्हणाली, "खालच्या अर्ध्या भिंती मी रंगवीन. वरच्या आई रंगवेल. लोकांना सांगू, अर्धीच रंगवून देतो."



"अजून वळतंय हे कशावरून?" बाईंनी विचारलं.

"तेच म्हणतात ना त्या. जुना काही पुरावा असेल तर दाखवा. वळायचं थांबलं असेल तर चाकू लावणार नाही. पण पुरावा नाही, तर वळतंय असंच धरणार."

बाईंनी खाली माझ्याकडे पाहिलं. बारा वर्षांची रेघ माझ्या पोटात होती, आणि मला ती उघडता येत नव्हती. माणसांनो, तुम्ही म्हणता यंत्रांना लाज नसते. त्या दिवशी मला पत्र्यात तोंड लपवावंसं वाटलं.

त्याच दुपारी बाई अर्ज भरायला बसल्या. इंग्रजी त्या शब्दकोश उशाशी घेऊन शिकलेल्या आहेत, तेही उसवूनच. नाव, गाव भरलं. मग आल्या त्या दोन खिडकीएवढ्या चौकटी: वैयक्तिक की व्यावसायिक?

बाई थांबल्या. बहीण आतून म्हणाली, "ताई, कर ना वैयक्तिकवर खूण. कोण बघतंय?"

"मला विचार करू दे. बुटांचे मी पैसे घेते."

"मग व्यावसायिक."

"पण पाऊल बघायचे मी कधी कोणाकडून घेतले का? आणि ह्या पोरीचं बघायचंय ते तिच्यासाठी. मी बूट विकते बाई. पाय विकत नाही."

असं म्हणून त्यांनी वैयक्तिकवर खूण केली, आणि 'कारण लिहा' या रकान्यात सगळं खरं खरं लिहिलं. पाऊल, मुलगी, शिडी, तारीख. शेवटी लिहिलं, लवकर पाठवणे.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. आपला ईमेल पत्ता एखाद्या दुकानाचा दिसतो. सबब वैयक्तिक परवाना देता येत नाही. आपला दिवस आनंदात जावो.

दुकानाचा! तो पत्ता फुंकरने कधीकाळी काढून दिलेला, त्यात 'बूट' हा शब्द होता. बाईंना केवढं कौतुक होतं त्याचं. आता तोच शब्द टाचेत खिळ्यासारखा घुसला. बाईंनी लिहिलेली अख्खी गोष्ट कोणी वाचलीच नव्हती. एका शब्दाला ठेच लागून दार बंद.

"मग व्यावसायिक मागा," फुंकर म्हणाला. त्यांनी ती चौकट दाबली. तिथे लिहिलं होतं, या जुन्या आवृत्तीचे व्यावसायिक परवाने देणं बंद केलं आहे. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना!

बाईंनी फोन लावला. एक गोड बाई बोलली, एक दाबा, दोन दाबा. मापबाईंनी सगळे आकडे दाबले, शेवटी फोनच दाबून ठेवला. त्यांनी पत्र लिहिलं. त्याच क्षणी उत्तर आलं, तुमचं पत्र आमच्यासाठी महत्त्वाचं आहे. "वाचायच्या आधीच महत्त्वाचं कळलं यांना," बाई म्हणाल्या. "अंतर्ज्ञानी दिसतात."

फुंकर हळूच म्हणाला, "बाई, बाजारात दुसरी चावी मिळते. फुकटातली."

"चोरीची?"

"चोरीची म्हणजे... सापडलेली."

"फुंकर, माझ्या दारात आलेल्या माणसाचा पाय मी हातात घेते. त्याच हाताने चोरीची चावी फिरवू?"

बहीण म्हणाली, "मग माझ्या ईमेलवरून माग. माझ्यात बूट नाही की चप्पल नाही."

"तुला तो प्रोग्रॅम हवाय का?"

"मला कशाला हवा?"

"मग तुझ्या नावाने मागणं म्हणजे खोटंच की. चोरी नको म्हटल्यावर लबाडी कशाला हवी?"

मला सांगा, एवढी सरळ बाई आणि एवढं वाकडं दार! अर्ज लिहिणाऱ्यांच्या मनात जगात दोनच माणसं आहेत. एक घरात बसून खेळणारा, एक कंपनीत बसून कमावणारा. आमच्या दोन खोल्यांमधलं न लागणारं दार त्यांनी कधी पाहिलेलंच नाही. माणूस एका हाताने पोटासाठी काम करतो आणि त्याच हाताने दुसऱ्याचा पाय सावरतो, याला त्यांच्याकडे चौकट नाही. आणि चौकट नसली की ते म्हणतात, माणूसच चुकलाय.

पाच दिवस उरले. रंगारीणबाई आणि शिडी विचारायला आल्या. मापबाईंनी काही लपवलं नाही. नकार दाखवला, जसाच्या तसा.

शिडीने तो स्वतः वाचला. मग म्हणाली, "मापबाई, ही कोणाची पावलं बघायचीत?"

"तुझी."

"पाय कोणाचा?"

"काय विचारतेस? तुझाच."

"मग तुम्ही कशाला अर्ज केलात? पायापेक्षा वैयक्तिक काय असतं?"

 मग फुंकरने गाल फुगवले आणि सवयीने हवेतच एक फुंकर मारली.

शिडी स्टुलावर बसली. आपलं नाव, आपला ईमेल, ज्यात ना बूट होता ना रंग. वैयक्तिक. 'कारण लिहा' मध्ये तिने दोनच शब्द लिहिले: माझा पाय. आणि बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परवाना आला. पंचवीस अक्षरांची चावी. सोबत तेच, आपला दिवस आनंदात जावो. मापबाईंनी एक सबंध पान लिहिलं त्याला नकार, आणि दोन शब्दांना होकार! राग येऊ नये तर काय व्हावं?

शिडी धावत आली, म्हणजे बुटात जेवढं धावता येतं तेवढी. मापबाईंनी तिला स्टुलावर बसवलं आणि स्वतः मागे जाऊन उभ्या राहिल्या, हात पाठीमागे बांधून.

"तुम्ही बसा ना, तुम्हाला येतं," शिडी म्हणाली.

"परवाना तुझा आहे. वापरणारी तू. मी नुसती उभी आहे. उभं राहायला अजून परवाना लागत नाही."

चावी बसली. माझ्या पोटात काहीतरी हललं. आठ महिन्यांनी थोरलीने डोळे उघडले आणि आधी तारीख विचारली, तिची जुनी सवय. बाई मागून सांगत होत्या, "तिकडे नाही गं, डावीकडे. अगं डावीकडे म्हणते मी! रंग देताना असाच ब्रश धरतेस का?" पण हात पाठीमागून सोडले नाहीत. नखं तळव्यात रुतलेली दिसत होती.

शिडीचं पाऊल उघडलं. सात वर्षांचं इवलंसं, आत मुडपलेलं. मग आठ, मग नऊ. एकेक रेघ जरा बाहेर, जरा मोठी, झाडाच्या कापलेल्या बुंध्यावर वर्तुळं असतात तशी. बारा, तेरा, चौदा. शिडी मोजत होती. पंधरा. सोळा.

"पुढच्या कुठे गेल्या?" रंगारीणबाई घाबरून म्हणाल्या. "सोळानंतर रेघच नाही!"

मापबाई वाकल्या. चष्मा नाकावर सरकवायला हात लागला म्हणून एक हात सोडला, तेवढाच.

"आहेत," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता तसा झाला. "सतरा, अठरा, एकोणीस. सगळ्या एकावर एक बसल्यात. म्हणून एकच दिसते."

शिडीने तो कागद छापला आणि दोन्ही हातांनी धरून नेला. डॉक्टरीणबाईंनी म्हणे तो कागद खिडकीशी धरून पाहिला, पट्टी लावून पाहिला आणि तारखेवर काट मारली. म्हणाल्या, "वळायचं थांबलंय. सांध्याला हात लावायचा नाही. बूट कोण करतं हिचे?"

आता तुम्ही म्हणाल, मग झालं की गोड, पेटीबाई, राग कसला? ऐका. त्याच संध्याकाळी बहीण म्हणाली, "ताई, आता उघडलीच आहे, तर बाकीच्यांचीही पावलं काढून घे. चारशे माणसं आहेत त्यात. कोण बघतंय?"

"पेटी बघतेय," मापबाई म्हणाल्या.

शिडी म्हणाली, "मी उघडते, तुम्ही नुसतं सांगा."

"तू काय लिहिलंस अर्जात? माझा पाय. त्यांचे पाय लिहिलं नाहीस. आणि लिहिलं असतंस तर मिळाला नसता."

चारशे माणसांची पावलं अजून माझ्या आत आहेत. उघडतील अशी, पण उघडायची नाहीत. कागद आणून मापबाई आता येईल त्याचं पाऊल पुन्हा पेन्सिलीने गिरवतात, गुडघे टेकून, पासष्टाव्या वर्षी. जुनी वर्षं काही परत गिरवता येत नाहीत. ज्यांनी चुलीवरचा तवा उतरवावा इतक्या सहज 'वैयक्तिक'ला आत घेतलं आणि 'व्यावसायिक'ला बाहेर काढलं, त्यांना हे गुडघे दिसत नाहीत. मला दिसतात. मी टेबलाखाली असते, गुडघ्यांच्याच उंचीला.

फुंकर म्हणतो, माझ्या मदरबोर्डवरचे दोन कपॅसिटर फुगलेत, फार दिवस नाहीत. असू दे. मी थोरलीला बाहेर काढणार नाही, जिथे आहे तिथे तिला निजू देईन. एवढंच मागते. मला शेवटची बंद करायची वेळ येईल तेव्हा मापबाईंनी बटण दाबू नये, फुंकरनेही नाही. शिडीला हाक मारा. छतावर असेल तर खाली उतरेपर्यंत थांबा, मी थांबेन. या घरात थोरलीला उठवायचा आणि निजवायचा परवाना तिच्या एकटीच्या नावावर आहे, आणि आम्ही कायद्याने वागणाऱ्या पेट्या आहोत.